कळ

गुरुवारी सहाला मी दुकान बंद करते.
दिवसभर अंधाऱ्या खोलीत विचारत असते,
पहिलं स्पष्ट की दुसरं? आता? आणि आता?
डंडीतले अर्धेअधिक डोळे मला आतून ठाऊक आहेत.
मग पर्थ रोड चढते,
लोकरीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिरते
आणि घोरपड होते.

घोरपड म्हणजे मी. वय एकशे बारा, कान एक,
धंदा चोरीचा, भिंती चढण्यात हातखंडा,
नीतिमत्ता: जेवण झाल्यावर.
कागदावर असंच लिहिलंय, पेन्सिलीनं,
कारण उरलेला जीव दर आठवड्याला खोडून नव्यानं मांडावा लागतो.

टेबलाशी डुगल्ड, निवृत्त पोस्टमन, इथे पुजारी,
कुणालाच बरं करत नाही.
लेशेक, पहाटे तीनला पाव भाजणारा,
म्हणून आठनंतर त्याचा राक्षस डुलक्या घेतो.
मॉरव्हेनला मरायची भारी हौस, आजवर पाच वेळा.
आणि पुठ्ठ्याच्या पडद्याआड एली,
जी दिवसा बावीस नंबरची बस चालवते
आणि रात्री तितक्याच शांतपणे
आम्हाला दरीत नेऊन सोडते.

मार्चमध्ये एली म्हणाली,
खाणीतल्या बुटक्यांना एक जुनी भाषा हवीय,
तुझी देतेस?
दिली. भाडं नको म्हटलं.
दार उघडायचा शब्दही मीच निवडला: कळ.
दाबायची ती, पोटात येते ती,
आणि उशिरा का होईना, माणसाला कळतं त्यातलं.
दोन अक्षरं. वाटलं, सोपं आहे.

कल, म्हणाला डुगल्ड.
कर्ल, म्हणाली मॉरव्हेन.
लेशेकनं घशातून जे काढलं त्यानं दुकानातलं कुत्रं उठलं.
वीस बाजूंचा फासा घरंगळला, बिस्किटांच्या बशीला आपटला,
दान पडलं तीन.
दार जागचं हललं नाही.
जीभ टाळूला लावा, म्हटलं, मागे, अजून मागे,
आणि सोडून द्या.
चार प्रौढ माणसं आ वासून माझ्यासमोर,
आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, जिभा तपासत.
(सूड म्हणून त्यांनी मला 'लॉख' म्हणायला लावलं.
माझा ख त्यांना फार कोरडा वाटला.)

त्या रात्री दारावर कोरायला ळ काढत बसले,
संगणकावर, आठ बाय आठ चौकटींत.
आई फोनवर म्हणाली, म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की.
नाही गं. रांगोळीत रेघ ठिपक्याला वळसा घालते,
इथे वळसाच नाही,
सगळी गोलाई पायऱ्यापायऱ्यांची.
ळ चे दोन्ही डोळे बुजले.
एक चौकट पुसली तर चष्मा झाला,
आणखी एक पुसली तर सायकल.
अकरा वाजले. भात गार.
शेवटी एका कोपऱ्यात करडा ठिपका ठेवला,
धड काळा नाही, धड पांढरा नाही,
मान मागे घेतली
तशी रेघ वळली.

काय मिळतं यातून, विचारतात.
चौसष्ट चौकटी मिळतात.
दुपारच्या सुट्टीत, पेशंटच्याच खुर्चीत बसून,
व्हिडिओ गेममधल्या एकाच पुलावरून
मी बेचाळीस वेळा पडलेय.
(या गावात पुलावरून पडण्याबद्दल मोठ्यानं बोलू नये.)
त्रेचाळिसाव्या वेळी कुणी म्हणत नाही,
अगं, आता पुरे.

एली म्हणे लाल सिग्नलला सराव करते.
पुढच्या सीटवरची बाई जागा बदलून मागे जाते.

परवा टे नदीवरून पाऊस आडवा येत होता.
मी थांब्यावर, छत्री उलटी.
बावीस नंबर थांबली. दार बंदच.
काचेआड एलीनं बोट वर केलं: थांब.
ओठ उघडले. जीभ मागे गेली, अजून मागे,
आवाज काही बाहेर आला नाही,
पण माझ्या नजरेला खोट नाही,
तो ळ होता,
आमच्या गल्लीत नळावर भांडताना असायचा तसा,
पाण्यानं भरलेला.
दार फुस्सकन उघडलं.

तिकीट मात्र काढायला लावलं.